खडखड नेमकी कुठून येते? : लक्ष्मणराव किर्लोस्कर यांची जीवनकथा



गाडी जागेवर उभी आहे, गिअर न्यूट्रलला आहे आणि इंजिन खडखडतंय. आपण लगेच घाबरतो, आता इंजिन खोलावं लागणार! पण नांदेडचा किंवा लातूरचा मुरलेला मिस्त्री पाना घ्यायची घाई करत नाही. तो आधी ऑईलची पट्टी काढून पातळी बघतो. मग लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवून मूठ कानाशी धरतो. टकटक वरून आली तर टॅपेटमधली फट वाढलेली असू शकते. सायलेन्सरच्या बाजूने पत्र्यासारखा आवाज आला तर कदाचित एखादा बोल्टच ढिला असतो. दोष नेमका कुठे आहे हे कळल्याशिवाय तो हात घालत नाही.

हीच नजर ज्यांच्या आयुष्यात पदोपदी दिसते, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची ओळख आज करून घेऊ. आपल्याकडे विहिरीवरच्या पंपावर किंवा डिझेल इंजिनवर हे आडनाव मुलांनी कितीतरी वेळा वाचलेलं असतं. पण त्यामागचा माणूस त्यांना माहीत नसतो.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचं मन मात्र पुस्तकात रमेना. त्याला दोनच नाद, चित्रं काढायची आणि यंत्रं न्याहाळायची. थोरले भाऊ रामुअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

दोन वर्षांनी कळलं, त्यांना काही रंगांतला फरकच ओळखू येत नाही. चित्रकार व्हायला निघालेला मुलगा आणि डोळ्यांत रंगांधळेपणा! विचार करा, आज आपल्या घरात असं झालं तर आपण काय म्हणू? दोन वर्षं वाया गेली, पैसा गेला, पोरगं काही कामाचं नाही, असंच ना?

लक्ष्मणरावांनी तसं मानलं नाही. अडचण रंगात होती, रेषेत नव्हती. हात तयार होता. मग त्यांनी यंत्रांची रेखाटनं शिकायला घेतली. त्यात रंगाचं काम नाही, माप आणि रेषा अचूक लागते. पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते हाच विषय शिकवू लागले. म्हणजे बरं का, ते आपल्यासारखेच मास्तर होते! तिथे शिकवता शिकवता यंत्रांची खोलवर ओळख झाली. पण बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

तिथे किर्लोस्कर बंधूंचं सायकलचं दुकान होतंच. १८८८ हे त्या दुकानाच्या सुरुवातीचं वर्ष मानतात. पुढे लक्ष्मणरावांनी कडबा कापायचं यंत्र बनवलं आणि मग लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो, तर लोखंडी नांगर खालची माती पलटी करून वर आणतो. नांगर चांगला होता, तरी कुणी घेईना. लोखंडाने जमिनीला विष होतं, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली! इथेही बघा, खोट नांगरात नव्हती, ती लोकांच्या मनातल्या भीतीत होती. म्हणून त्यांनी नांगर मोडीत काढला नाही, तर धीर धरला.

नंतर बेळगावची कारखान्याची जागा सोडावी लागली. तेव्हा औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला. खडक, निवडुंग आणि साप, एवढंच तिथे होतं. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. गुन्ह्याचा शिक्का बसलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी तिथे काम दिलं, राखणदारी सोपवली. शिवाशीव त्यांनी वाडीत चालू दिली नाही. नांगरापाठोपाठ पंप आले. मुलगा शंतनुराव अमेरिकेत शिकून आले आणि १९४६ मध्ये पुण्यात डिझेल इंजिनांचा कारखाना निघाला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले.

आता आपल्याकडे वळू. लातूर-नांदेडला दहावी झाली की घराघरात नीटच्या क्लासची चर्चा सुरू होते. डॉक्टर होणं चांगलंच आहे. पण ज्या मुलाचा हात पाना-पक्कडीत रमतो, ते चाचणीत मागे पडलं की आपण अख्ख्या मुलालाच नापास ठरवतो. इंजिनला मिस्त्री जेवढा वेळ देतो, तेवढाही आपण त्याला देत नाही.

वर्गात दोन गोष्टी जरूर करून बघा. एखादं मूल पानं तपकिरी रंगवत असेल, लाल-हिरव्यात सारखं चुकत असेल, तर रागावू नका. पालकांना सांगून डोळे तपासून घ्या. रंगांधळेपणा बहुधा जन्मतःच असतो आणि मुलींपेक्षा मुलांमध्ये जास्त आढळतो. त्यात मुलाचा काही दोष नाही.

दुसरं म्हणजे, खडखडणारी एक जुनी सायकल वर्गात आणा. चाक फिरवा आणि मुलांना आवाज नेमका कुठून येतो ते शोधू द्या. चेनमधून, मडगार्डमधून की घंटीच्या ढिल्या स्क्रूमधून? जे मूल आधी नीट कान देऊन ऐकेल, त्याचं नाव तुमच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या पालकसभेत त्याच्या आई-वडिलांना ते आवर्जून सांगा.