सर जगदीशचंद्र बोस

तुमच्या घरातील रेडिओ, घड्याळ आणि मोबाइल फोन यांच्या आत सिलिकॉनचे लहान लहान तुकडे असतात. सिलिकॉनमधून तांब्यासारखी सहज वीज वाहत नाही आणि काचेसारखी पूर्ण अडतही नाही. अशा पदार्थांना अर्धवाहक म्हणतात. अर्धवाहकाच्या उपकरणाचे जगातील पहिले पेटंट एका भारतीय शास्त्रज्ञाचे मानले जाते. ते म्हणजे सर जगदीशचंद्र बोस.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी बंगालमध्ये झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते. त्या काळी मोठ्या हुद्द्यावरचे लोक आपल्या मुलांना इंग्रजी शाळेत घालत. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला बंगाली शाळेत पाठवले. वर्गात जगदीशच्या एका बाजूला वडिलांच्या मुसलमान नोकराचा मुलगा बसे, तर दुसऱ्या बाजूला कोळ्याचा मुलगा. त्यांच्याकडून पशुपक्ष्यांच्या आणि जलचरांच्या गोष्टी ऐकता ऐकता त्याच्या मनात निसर्गाविषयी कुतूहल जागे झाले.

कलकत्ता आणि केंब्रिज येथे शिकून जगदीशचंद्र १८८५ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. तेथे भारतीय प्राध्यापकाला इंग्रज प्राध्यापकाच्या दोन तृतीयांश पगार मिळे. जगदीशचंद्रांची नेमणूक तात्पुरती होती, म्हणून त्यांना त्याच्याही निम्माच पगार ठरला. त्यांनी भांडण केले नाही, पण तो पगार घेतलाही नाही. घरावर कर्ज असताना तीन वर्षे त्यांनी विनावेतन शिकवले. शेवटी सरकारला नमावे लागले. सारा थकलेला पगार त्यांना पूर्ण दराने मिळाला. त्यातून त्यांनी वडिलांचे कर्ज फेडले.

कॉलेजात संशोधनासाठी प्रयोगशाळा नव्हती. स्नानगृहालगतच्या २४ चौरस फुटांच्या जागेत ते काम करीत. मदतीला होता एक साधा पत्र्याचे काम करणारा कारागीर. अशा स्थितीतही त्यांनी अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या रेडिओलहरी निर्माण केल्या.

या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत. मग त्या आल्या हे कळणार कसे? जगदीशचंद्रांनी अनेक पदार्थ तपासले आणि गॅलेना हे खनिज निवडले. गॅलेना म्हणजे शिसे व गंधक यांचे संयुग. तो एक अर्धवाहक आहे. गॅलेनाच्या स्फटिकाला टोकाचा हलका स्पर्श ठेवून त्यांनी त्यातून वीज सोडली. लहर येऊन पडताच प्रवाह बदले आणि यंत्राचा काटा हले. प्रकाशही या उपकरणाला कळत असे. जणू तो एक कृत्रिम डोळाच होता!

विद्या विकून पैसा करणे जगदीशचंद्रांना पसंत नव्हते. मित्रांच्या आग्रहामुळे १९०१ साली अमेरिकेत पेटंटसाठी अर्ज झाला आणि २९ मार्च १९०४ रोजी ते मंजूर झाले. परंतु त्यातून धन मिळवण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. पुढे ते वनस्पतींच्या संशोधनात रमले. १९१७ साली त्यांनी कलकत्त्यात बोस संशोधन संस्था स्थापन केली. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

दहा वर्षांनी, १९४७ साली अमेरिकेत ट्रान्झिस्टर तयार झाला. रेडिओलहरी ओळखण्यासाठी अर्धवाहक स्फटिक प्रथम बोस यांनी वापरला, हे ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक असलेल्या वॉल्टर ब्रॅटेन यांनी मान्य केले.

मित्रांनो, मातृभाषेच्या शाळेत शिकलेल्या या मुलाने अपुऱ्या साधनांचे रडगाणे गायले नाही आणि अन्यायापुढे मानही वाकवली नाही. तुमच्या शाळेतील प्रयोगशाळा लहान असेल, तर त्यांची ती २४ चौरस फुटांची खोली आठवा.