कैदेतही ढळली नाही ती शांती
संत जोसेफ वाझ (सण : १६ जानेवारी)



घरभेटीला गेलो की आमच्या कानी एक तक्रार वारंवार पडते. नोव्हेना केल्या, मिस्सा मागितल्या, रोजची रोझरी चुकवली नाही, तरी घरातले आजारपण संपत नाही आणि मनाला शांती नाही. ही तक्रार खोटी नाही. तिच्याकडे पाहताना आम्हांला संत जोसेफ वाझ आठवतात.

जोसेफ वाझ ह्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील बाणावली येथे झाला. १६७६ साली ते धर्मगुरू झाले. कारवारच्या दक्षिणेकडील कानडा प्रांतात त्यांनी काही वर्षे सेवा केली. १६८५ साली जुन्या गोव्यात त्यांनी संत फिलिप नेरी ह्यांच्या आदर्शावर स्थानिक धर्मगुरूंचा ऑरेटरी हा संघ उभा केला. परंतु त्यांचे मन श्रीलंकेकडे ओढ घेत होते. १६५८ साली तेथील पोर्तुगीज सत्ता गेली, डच आले आणि कॅथलिक धर्मगुरूंना बंदी झाली. जवळजवळ तीस वर्षे तेथील कॅथलिकांना मिस्सा नव्हती, पापनिवेदन नव्हते.

१६८७ साली जॉन नावाच्या सेवकासह फादर वाझ मजुराच्या वेषात जाफना येथे पोहोचले. पोहोचताच त्यांना हगवणीने गाठले. अंगात त्राण नाही, खिशात पैसा नाही, ओळखीचे कोणी नाही. थोडे बरे वाटताच गळ्यात रोझरी घालून ते दारोदार भीक मागू लागले. ती रोझरी पाहून ज्यांचे डोळे भरून येत, त्यांच्यापाशी ते हळूच आपली ओळख देत. मग रात्रीच्या अंधारात मिस्सा होऊ लागली.

१६९२ साली ते कँडीच्या राज्यात गेले. तेथे त्यांच्यावर पोर्तुगीजांचा हेर असल्याचा आळ आला आणि त्यांना कैद झाली. इतक्या कष्टांचे हेच का फळ, असे कोणालाही वाटले असते. फादर वाझ मात्र कैदेत सिंहली भाषा शिकू लागले, प्रार्थना करू लागले. कैदेतच त्यांनी झोपडीवजा मंदिर उभारले. हळूहळू राजा दुसरा विमलधर्मसूर्य ह्याची खात्री पटली आणि बंधने सैल झाली. १६९७ साली कँडीत देवीची साथ आली. लोक आपल्या आजाऱ्यांना टाकून पळाले. फादर वाझ आपल्या नात्यातील एका धर्मगुरूसह मागे राहिले. त्यांनी धर्म न विचारता रुग्णांची सेवा केली व मृतांना मूठमाती दिली.

गोव्याला ते पुन्हा कधीच परतले नाहीत. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांनी देह ठेवला. १९९५ साली पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले, तर १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी कोलंबो येथे त्यांना संतपद दिले.

बंधुभगिनींनो, आपण बहुधा संकट टळले की मिळणाऱ्या सुटकेलाच शांती समजतो. सुटका परिस्थितीवर अवलंबून असते. म्हणून ती येते आणि जाते. फादर वाझ ह्यांना शांती लाभली ती तुरुंगाचे दार उघडल्यावर नव्हे. दार बंद असतानाच ती त्यांच्यापाशी होती. देव आपल्याबरोबर आत आहे, हा त्यांचा विश्वास होता. त्या विश्वासातून त्यांना आजचे काम करण्याचे बळ मिळाले.

आजारपण संपावे म्हणून आपण जरूर प्रार्थना करू या. पण त्याबरोबरच आजाऱ्याच्या उशाशी धीराने बसण्याचे सामर्थ्यही मागू या. ह्या आठवड्यात रोझरी हाती घेताना जाफन्याच्या रस्त्यावरील त्या भिकाऱ्याची आठवण ठेवू या. संत जोसेफ वाझ, आम्हांसाठी विनंती करा.

आपले धर्मगुरू