भांडारेकरांची लीळा आणि म्हाइंभट

सराळ्याचे म्हाइंभट शास्त्रनिष्णात पंडित. परंतु लीळाचरित्र सिद्ध करताना त्यांनी पांडित्य बाजूस ठेविले. श्रीचक्रधरस्वामींच्या असन्निधानात रिद्धपुरी नागदेवाचार्य अखंड लीळास्मरण करीत; इ. स. १२७८ च्या सुमारास रचिलेल्या या ग्रंथाची प्रेरणा तेथलीच. ज्याने लीळा पाहिली त्याला गाठून विचारावे, आचार्यांकडून शोधून घ्यावे, मगच लिहावे, हा म्हाइंभटांचा नेम. पण भंडारा येथे नीळभट्ट भांडारेकर स्वामींना भेटले, तेव्हा पुढील परिवारापैकी कोणीच सन्निध नव्हते. मग साक्ष कोणाची? एकांकातील अशा लीळा स्वामींनीच पुढे भक्तजनांस निरूपिल्या होत्या. त्या भक्तांच्या स्मृतीतून म्हाइंभटांनी त्या मिळविल्या. भंडाऱ्याची ती भेट आज वाचावयास मिळते, ती आमच्या मते या चिकाटीमुळेच.