चित्रांना फुटलेले सूर

मोदेस्त मुसोर्गस्की या संगीतकाराचा जन्म १८३९ साली रशियातील कारेव्हो या खेड्यात, एका जमीनदार घराण्यात झाला. त्याच्या आईने त्याला बालपणीच पियानो शिकवला. घराण्याच्या रीतीप्रमाणे तो सैन्यात अधिकारी झाला. परंतु संगीताची ओढ त्याला स्वस्थ बसू देईना. १८५८ साली त्याने सैन्य सोडले. पुढे घराण्याचे उत्पन्न घटले, तेव्हा पोटासाठी त्याला सरकारी कचेरीत कारकुनी करावी लागली.

चित्रकार व वास्तुशिल्पी व्हिक्टर हार्टमान हा त्याचा जिवलग मित्र. १८७३ साली हार्टमान वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी अकस्मात वारला. मुसोर्गस्कीच्या दुःखाला पार उरला नाही. दुसऱ्या वर्षी सेंट पीटर्सबर्ग येथे मित्राच्या सुमारे ४०० चित्रांचे व आराखड्यांचे प्रदर्शन भरले. ते पाहून मुसोर्गस्कीच्या मनात सूर जागे झाले. १८७४ च्या जून महिन्यात, कचेरीचे काम सांभाळून, त्याने थोड्याच दिवसांत पियानोसाठी एक रचना पूर्ण केली.

या रचनेत दहा चित्रे सुरांतून उभी राहतात. अंड्याच्या कवचातील पिल्ले नाचतात. अवजड बैलगाडी कुरकुरत येते व दूर निघून जाते. एका चित्रापासून दुसऱ्याकडे जाणाऱ्या प्रेक्षकाची चालही त्या सुरांत ऐकू येते. अखेरीस कीव्ह नगरीसाठी हार्टमानने आखलेले महाद्वार येते, आणि जणू मोठमोठ्या घंटा निनादू लागतात.

१८८१ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी, मुसोर्गस्की हलाखीत मरण पावला. ही रचना छापून निघाली ती १८८६ साली. १९२२ मध्ये मोरीस राव्हेल या फ्रेंच संगीतकाराने ती मोठ्या वाद्यवृंदासाठी सजवली. सनईप्रमाणे फुंकून वाजवावयाच्या वाद्यांना त्याने तीत मानाचे स्थान दिले. प्रेक्षकाची चाल प्रथम तुतारीच्या जातीच्या ट्रम्पेटवर उमटते, जुन्या किल्ल्याचे उदास गीत सॅक्सोफोन गातो, तर बैलगाडीची संथ चाल ट्यूबा या घोगऱ्या आवाजाच्या पितळी वाद्यातून निघते. पुढे केवळ फुंकवाद्यांच्या पथकांनीही ही रचना आपलीशी केली.

हार्टमानची त्यांतील कित्येक चित्रे आज उपलब्ध नाहीत. ते महाद्वार तर कधी बांधलेच गेले नाही. तरीही मित्राने सुरांनी उभारलेले ते द्वार जगभरच्या श्रोत्यांसाठी आजही उघडते.