विश्लेषण : पाण्यावर किडेच किडे, तरी ट्राउट ते का खात नाही? लंडनच्या वकिलाने शोधलेले उत्तर काय होते?

नदीच्या पाण्यावर शेकडो किडे तरंगत आहेत. ट्राउट मासे जागोजागी पाणी ढवळत आहेत. गळाला हुबेहूब त्याच किड्यासारखी कृत्रिम माशी बांधून माशाच्या पुढ्यात सोडली, तरी तो तिच्याकडे बघत नाही. इतकेच काय, शेजारून वाहत जाणाऱ्या खऱ्या किड्यालाही तोंड लावत नाही. फ्लाय फिशिंग करणाऱ्यांना बुचकळ्यात टाकणाऱ्या या कोड्याचे उत्तर जॉर्ज एडवर्ड मॅकेन्झी स्क्यूज या इंग्लिश वकिलाने शंभर वर्षांपूर्वी दिले. उत्तर बरोबर होते. पण त्यावरूनच वयाच्या ८० व्या वर्षी त्यांना आपला आवडता नदीकाठ सोडावा लागला.

फ्लाय फिशिंग म्हणजे काय?

ट्राउट हा थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्यातला मासा. काश्मीर किंवा कुल्लू-मनालीला गेलेल्या अनेकांनी तो ताटात पाहिला असेल. ब्रिटिशांनी तो या थंड नद्यांमध्ये आणून सोडला. फ्लाय फिशिंगमध्ये गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावत नाहीत. बारीक गळावर पिसे, रेशमी धागा आणि केस गुंडाळून किड्याची नक्कल बनवतात. मासा त्या क्षणी कोणता किडा खातो आहे हे ओळखणे, हीच या खेळातली खरी परीक्षा.

स्क्यूज कोण होते?

स्क्यूज यांचा जन्म १३ ऑगस्ट १८५८ रोजी न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथे झाला. वडील ब्रिटिश लष्करात शल्यचिकित्सक होते. बालपणीच ते ब्रिटनमध्ये आले आणि शिष्यवृत्ती मिळवून विंचेस्टर कॉलेज या शाळेत दाखल झाले. शाळेजवळून वाहणाऱ्या इचेन नदीत त्यांनी पहिल्यांदा ट्राउटसाठी गळ टाकला.

पुढे ते लंडनमध्ये सॉलिसिटर झाले. १८८३ मध्ये एका अशिलाच्या ओळखीने त्यांना विंचेस्टरजवळच्या अ‍ॅबट्स बार्टन येथे इचेनवर मासेमारीची संधी मिळाली. लंडनहून सुमारे १०० किलोमीटर रेल्वेने यायचे आणि सुट्टी नदीकाठी घालवायची, हा क्रम पुढे ५५ वर्षे चालला. त्यांनी लग्न केले नाही. कचेरी, नदी आणि मासेमारीच्या नियतकालिकांतले टोपणनावांनी केलेले लेखन, यातच त्यांचे आयुष्य सामावले होते.

तेव्हा नियम काय होता?

इचेन ही खडूच्या दगडातून झिरपणाऱ्या भूजलावर वाहणारी नदी. तिचे पाणी काचेसारखे नितळ आणि तापमान बऱ्यापैकी स्थिर. अशा नद्यांवर त्या काळी फ्रेडरिक हॅलफर्ड यांचा शब्द अखेरचा मानला जाई. १८८६ आणि १८८९ मधील त्यांच्या पुस्तकांनी ‘ड्राय फ्लाय’चे शास्त्र घालून दिले. माशी पाण्यावर तरंगलीच पाहिजे आणि ती पृष्ठभागावर खाणाऱ्या माशाच्या वरच्या अंगाला टाकली पाहिजे, असा दंडक होता. पाहता पाहता ही पद्धत सभ्य मासेमारीची कसोटी ठरली. बुडणारी माशी वापरणे कमीपणाचे मानले जाऊ लागले.

स्क्यूज यांनीही सुरुवातीला हॅलफर्ड यांचीच पुस्तके प्रमाण मानली. पण पुस्तक आणि नदी यांचा मेळ बसेना. किडे भरपूर, मासेही खाताना दिसतात, तरी तरंगती माशी कोणी घेत नाही, असे दिवस पुन:पुन्हा येत.

शंका कुठून आली?

सुगावा लागला तो सदोष माशीमुळे. एकदा त्यांच्या तरंगत्या माशीची पिसे नीट नव्हती. ती पाण्यावर पडताच बुडाली आणि ट्राउटने ती लगेच घेतली. तरंगणारी माशी नाकारणारा मासा बुडालेली माशी घेतो, याकडे दुसऱ्या कोणी योगायोग म्हणून दुर्लक्ष केले असते. स्क्यूज यांनी मात्र तिथून शोध सुरू केला.

पाण्याखाली काय घडते?

ज्या किड्यांवर हा सगळा खेळ चालतो, ते मेफ्लाय आपल्या आयुष्याचा बहुतांश काळ पाण्याखाली काढतात. या अवस्थेला ‘निम्फ’ म्हणतात. पूर्ण वाढ झाली की निम्फ पोहत पृष्ठभागाकडे येतो, तिथे त्याची कात फाटते आणि पंख असलेला किडा बाहेर पडतो. पंख उघडून तो थोडा वेळ पाण्यावर वाहत जातो आणि उडतो. काठावरच्या माणसाला दिसतो तो हा शेवटचा टप्पा.

माशाला मात्र आधीचा टप्पा सोयीचा असतो. वर येणारा निम्फ उडून जाऊ शकत नाही. पृष्ठभागाचा ताण फोडून बाहेर पडताना तो काही क्षण अडकतो. उलट, पंख फुटलेला किडा कधीही उडू शकतो. म्हणजे वर जाऊन घेतलेली मेहनत फुकट. मासा कमी श्रमात खात्रीचा घास निवडतो, एवढा हा साधा हिशेब आहे.

प्रकाशाचे गणितही निम्फच्या विरोधात जाते. अपवर्तनामुळे माशाला पाण्याबाहेरचे जग सुमारे ९७ अंशांच्या शंकूतूनच दिसते. ३० सेंटीमीटर खोलीवरच्या माशासाठी ही ‘खिडकी’ साधारण ६८ सेंटीमीटर व्यासाची असते. तिच्यापलीकडे पाण्याचा पृष्ठभाग आतून आरशासारखा असतो. त्यामुळे दूरवरचा तरंगता किडा पूर्ण दिसत नाही. पाण्यातला निम्फ मात्र थेट नजरेला पडतो. माशाला काय दिसते या प्रश्नाची चर्चा स्क्यूज यांनी १९२१ मधील ‘द वे ऑफ अ ट्राउट विथ अ फ्लाय’ या पुस्तकात सविस्तर केली.

पुरावा कसा गोळा केला?

स्क्यूज यांची साधने स्वयंपाकघरातली होती. नळीतला मगज काढण्याच्या लांब, अरुंद चमच्याने ते पकडलेल्या ट्राउटच्या पोटातले अन्न काढत आणि पांढऱ्या बशीतल्या पाण्यात पसरवत. मासा नेमके काय खात होता, हे तिथे स्पष्ट दिसे. बशीतल्या निम्फचा आकार आणि रंग पाहून ते तशाच नकला बांधत.

माशाच्या हालचालींतूनही त्यांनी खुणा शोधल्या. पृष्ठभागावरचा किडा घेताना माशाचे तोंड पाण्याबाहेर येते आणि बऱ्याचदा मागे हवेचा बुडबुडा राहतो. निम्फ घेताना पाणी नुसते फुगते. पाठ किंवा शेपटी दिसते, तोंड नाही. काठावरून दोन्ही प्रकार सारखेच वाटतात. फसगत होते ती इथेच.

अर्थात, दरवेळी कारण निम्फच असते असे नाही. मोठे किडे डोळ्यांत भरत असताना मासे त्यांच्यातच मिसळलेले, संख्येने जास्त असलेले बारीक किडे खात असतात, असेही घडते.

वाद कशावरून झाला?

१९१० मध्ये स्क्यूज यांचे ‘मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम’ हे पुस्तक आले. ड्राय फ्लायला त्यांचा विरोध नव्हता. मासा वर खात असेल तर तीच वापरावी, खाली खात असेल तर निम्फ वापरावा, इतकेच त्यांचे म्हणणे होते. तेसुद्धा पाण्यात आंधळेपणाने गळ न फिरवता, दिसणाऱ्या माशाला हेरून. तरीही पोहणाऱ्या निम्फची नक्कल शक्यच नाही आणि ती सभ्यही नाही, असा आक्षेप हॅलफर्डपंथीयांनी घेतला. १९१४ मध्ये हॅलफर्ड यांचे निधन झाले, पण वाद मिटला नाही.

१० फेब्रुवारी १९३८ रोजी लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये या विषयावर खास चर्चा झाली. स्क्यूज तेव्हा ७९ वर्षांचे होते. बहुतेकांचा सूर त्यांच्या विरोधात होता. अ‍ॅबट्स बार्टनच्या पाण्यातले सहभागीदारही त्यांच्या पद्धतीवर नाराज होते. त्याच वर्षी त्यांनी ते पाणी सोडले. पुढच्याच वर्षी त्यांनी निम्फ फिशिंगवर स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. मत बदलले नव्हते.

पुढे काय झाले?

अखेरच्या वर्षांत स्क्यूज यांनी एव्हन नदीवरचे रक्षक फ्रँक सॉयर यांना लिहिण्यासाठी प्रोत्साहन दिले. सॉयर यांची ‘फेझंट टेल निम्फ’ ही माशी पुढे जगभर वापरली गेली. ज्या पद्धतीला एकेकाळी असभ्य म्हटले गेले, ती आज फ्लाय फिशिंगच्या प्राथमिक धड्यांत शिकवली जाते.

९ ऑगस्ट १९४९ रोजी, ९१ व्या वाढदिवसाच्या चार दिवस आधी, स्क्यूज यांचे निधन झाले. त्यांची रक्षा अ‍ॅबट्स बार्टनलाच, इचेनच्या काठी विखुरण्यात आली.