मनस्विनी इंदिराराजे

लग्न ठरवताना मुलीची पसंती विचारण्याची रीत नव्हती, अशा काळात एका मराठी राजकन्येने ठरलेले लग्न स्वतः मोडले. ती राजकन्या म्हणजे बडोद्याचे सयाजीराव महाराज व चिमणाबाई यांची कन्या इंदिराराजे. त्यांचा जन्म १८९२ चा.

ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी त्यांचा विवाह ठरला होता. शिंदे सोळा वर्षांनी मोठे, शिवाय विवाहित. डिसेंबर १९११ मध्ये दिल्ली दरबारासाठी संस्थानिकांच्या छावण्या पडल्या. कूचबिहारच्या राजकन्या इंदिराराजेंच्या मैत्रिणी. त्यांच्या छावणीत ही पाहुणी वरचेवर जाऊ लागली आणि मैत्रिणींचे बंधू जितेंद्रनारायण यांच्यावर तिचे मन जडले. तिने कोणालाही न विचारता शिंद्यांना नकाराचे पत्र धाडले. ग्वाल्हेरहून विचारणा करणारी तार आली, तेव्हा कोठे आईवडिलांना हा प्रकार कळला!

स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार करणारे सयाजीराव मुलीच्या बाबतीत मात्र कठोर झाले. अखेर २५ ऑगस्ट १९१३ रोजी लंडनमध्ये विवाह झाला. आईवडील आले नाहीत. थोड्याच दिवसांत थोरले बंधू वारल्याने जितेंद्रनारायण गादीवर आले.

हे सुख नऊच वर्षे टिकले. डिसेंबर १९२२ मध्ये पती निवर्तले. पदरी पाच मुले, त्यांतील युवराज अवघा सात वर्षांचा. इंदिराराजेंनी १९३६ पर्यंत राजप्रतिनिधी म्हणून कूचबिहारचा कारभार सांभाळला. १९६८ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

सेलूच्या पंचक्रोशीतून शिकायला येणाऱ्या आम्हां मुलींना त्यांच्या प्रेमकथेचे कौतुक वाटतेच. पण आपल्या निवडीची जबाबदारी त्यांनी शेवटपर्यंत निभावली, याचे अधिक वाटते.