विश्लेषण : परदेशी शिक्षणाची तयारी नेमकी कशाची करायची? डॉ. आंबेडकरांची विद्यार्थी वर्षे काय सांगतात?

जुलै उजाडला की एका सेमिस्टरसाठी किंवा वर्षभरासाठी परदेशी निघालेल्या विद्यार्थ्यांच्या घरांत एकच धांदल असते. व्हिसा, फॉरेक्स कार्ड, थंडीचे कपडे, बॅगेचे वजन आणि त्यात बसवायचा कुकर. सन १९१३ च्या जुलैमध्ये मुंबईचा एक २२ वर्षांचा पदवीधर न्यूयॉर्कला उतरला. त्याच्या पाठीशी परदेशी शिकलेले कुणी नातेवाईक नव्हते, बँकेत ठेव नव्हती, आणि निघण्याच्या पाच महिने आधी वडील वारले होते. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या पदव्यांची यादी समाजमाध्यमांवर दर एप्रिलमध्ये फिरते. त्या पदव्या कोणत्या पैशांत, कोणत्या खोलीत आणि किती अडथळे पार करून मिळाल्या, याचा हिशेब तेवढा फिरत नाही. परदेशी निघालेल्या विद्यार्थ्याच्या उपयोगाचा तर तोच आहे.

शिष्यवृत्ती कशी मिळाली, आणि तिच्या अटी काय होत्या?

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी.ए. केले. विषय होते अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र. त्यानंतर ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, पण २ फेब्रुवारी १९१३ रोजी वडील रामजी सुभेदार गेले आणि घरचा कर्ता आधार संपला. त्याच सुमारास महाराज सयाजीराव गायकवाड परदेशी शिक्षणासाठी विद्यार्थी निवडत होते. आंबेडकरांची निवड झाली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे.

४ जून १९१३ रोजी त्यांनी करारावर सही केली. सगळा वेळ ठरलेल्या विषयांच्या अभ्यासालाच द्यायचा आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची, अशी त्यात अट होती. हा तपशील चरित्रांत एका वाक्यात उरकला जातो, पण पुढच्या दहा वर्षांतल्या बहुतेक अडचणी या कागदातूनच उगवल्या. आजही केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती असो, राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती असो वा परदेशी विद्यापीठाचे अनुदान, रकमेच्या आकड्याखालची बारीक अक्षरे आधी वाचावी लागतात. पैसे किती महिने मिळणार, अभ्यास लांबला तर काय, मध्येच परत यावे लागले तर काय, ही तीन उत्तरे लेखी असलेली बरी. आंबेडकरांच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रतिकूल निघाले.

न्यूयॉर्कमधले पहिले दिवस कसे गेले?

कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात ते पहिल्यांदा उतरले आणि आठवडाभरातच तिथून निघाले. कारण अगदी साधे होते : जेवण. पदार्थ धड शिजवलेले नसत आणि बऱ्याचशांत गोमांस असे. मग ते कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये राहिले, जिथे आणखी काही भारतीय विद्यार्थी होते. त्यानंतर लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर खोली मिळाली. राहण्याची पहिली जागा चुकली म्हणजे काही बिघडले असे नाही. ती बदलण्याइतके पैसे आणि मोकळीक हाती हवी, एवढेच. वर्षभराचे भाडे घरूनच आगाऊ भरून मोकळे होणाऱ्यांनी हा आठवडा जरूर लक्षात ठेवावा.

खोलीतला तो जोडीदार आयुष्यभराचा मित्र ठरला. भथेना यांचे नाव पुढे दोनदा येते, आणि दोन्ही वेळा पैशांच्या अडचणीत.

शिष्यवृत्तीच्या रकमेतून एक भाग मुंबईला जात असे. पत्नी रमाबाई आणि डिसेंबर १९१२ मध्ये जन्मलेला मुलगा यशवंत परळच्या चाळीत होते. त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये दोन वेळच्या खाण्यावरही हात आखडता होता. सढळ हाताने पैसा गेला तो फक्त पुस्तकांवर. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. ती भारतात आणण्यासाठी एका परिचिताकडे सोपवली, पण त्यांतली काहीच पोहोचली.

अभ्यासक्रम कसा निवडला?

कोलंबियातील तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच, मानववंशशास्त्राचे चार, राज्यशास्त्राचे तीन आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मनचा प्रत्येकी एक असे अभ्यासक्रम घेतले. पदवी अर्थशास्त्रातली, पण गाजलेले लेखन आले ते मानववंशशास्त्राच्या वर्गातून. ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींच्या उगमावर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो इंडियन अँटिक्वरी या नियतकालिकात छापून आला. जातिसंस्थेच्या अभ्यासात तो आजही वाचला जातो.

एका सेमिस्टरसाठी जाणाऱ्यांना इथे थोडा वेगळा पेच असतो. आपल्या महाविद्यालयात कोणती श्रेयांके मान्य होतील याची लेखी यादी आधी करून घ्यावी लागते, नाहीतर परत आल्यावर तोच विषय पुन्हा गळ्यात पडतो. पण ही यादी पूर्ण झाल्यावर एखादा विषय असा घ्यावा, की जो घरी शिकायला मिळणारच नाही. फ्रेंच-जर्मनच्या त्या एकेका प्राथमिक वर्गाचा उपयोग नेमका कधी होईल, हे १९१५ साली कुणाला सांगता आले नसते. आंबेडकर १९२२ मध्ये काही काळ जर्मनीच्या बॉन विद्यापीठात गेले, तेव्हा जर्मनशी त्यांची ओळख होती.

शिक्षकांशी संबंध हा दुसरा भाग. अर्थशास्त्राचे प्रा. सेलिग्मन, तत्त्वज्ञ जॉन ड्युई, इतिहासाचे प्रा. रॉबिन्सन यांचे वर्ग त्यांनी मन लावून केले. लंडनला जाताना सेलिग्मन यांनी तिथल्या अर्थशास्त्रज्ञांसाठी परिचयपत्र दिले आणि १९२५ मध्ये आंबेडकरांच्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथाला प्रस्तावनाही लिहिली. म्हणजे कोलंबिया सोडून नऊ वर्षे झाल्यावर! शिफारसपत्र शेवटच्या आठवड्यात ई-मेलने मागण्याची सवय असलेल्यांना हा काळ मोठा वाटेल.

पैसे संपले तेव्हा काय झाले?

१९१६ मध्ये आंबेडकर लंडनला आले. ऑक्टोबरात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला, नोव्हेंबरात बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातले. एकाच वेळी दोन मोठे अभ्यास सुरू झाले होते. पण शिष्यवृत्तीची मुदत भरली आणि बडोद्याहून परत येण्याची सूचना आली. महायुद्ध सुरू होते, प्रबंध अर्धवट होता.

इथे त्यांनी जे केले ते आजच्या विद्यार्थ्याने जसेच्या तसे उचलावे असे आहे. निराश होऊन नुसती बोट पकडली नाही, प्रा. एडविन कॅनन यांच्या मदतीने लंडन विद्यापीठाकडून परवानगी मिळवली, की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे सुरू करता येईल. ती नसती, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती.

सामान त्यांनी थॉमस कुक कंपनीमार्फत जहाजाने पाठवले आणि स्वतः रेल्वेने फ्रान्समधल्या मार्सेय बंदरापर्यंत जाऊन कैसर-ए-हिंद ही बोट धरली. सामानाचे जहाज जर्मन पाणबुडीने बुडवले. मुंबईत घरच्यांपर्यंत जहाज बुडाल्याची बातमी गेली तेव्हा काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करता येते. २१ ऑगस्ट १९१७ रोजी आंबेडकर सुखरूप उतरले. पुस्तके गेली होती. पण सामानाचा विमा होता, त्याचे ६०० रुपये मिळाले. पुढे बडोद्याला रुजू व्हायला जाण्याचा खर्च त्याच पैशांतून निघाला. आजही विम्याच्या हप्त्यावर काटकसर करून महागडा जॅकेट घेणारे विद्यार्थी कमी नाहीत.

परतीची तयारी कुणी करते का?

जाण्याच्या तयारीवर भरपूर बोलले जाते, परत येण्यावर जवळजवळ नाही. आंबेडकरांच्या बाबतीत सर्वांत कठीण प्रसंग परदेशात नव्हे, परतल्यावर आला.

अमेरिका आणि इंग्लंडमधल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य मानले जातो ही जाणीवच पुसली गेली होती, असे त्यांनी स्वतः नंतर नोंदवले आहे. कोलंबियाच्या ग्रंथालयात, भोजनगृहात, वर्गात कुणी जात विचारली नव्हती. बडोद्याच्या स्टेशनवर उतरल्यावर पहिलाच प्रश्न उभा राहिला : राहायचे कुठे? हिंदू खानावळीत जागा मिळणार नव्हती. ओळखीचे होते, पण त्यांच्या घरी गेल्यास त्यांची अडचण होईल ही धास्ती. शेवटी एका पारशी धर्मशाळेत दीड रुपया रोजाने वरची खोली मिळाली, तीही पारशी नावाने. बाकी इमारत रिकामी, दिवाणखान्यात अडगळ आणि वटवाघळे. दिवसभर कचेरी आणि रात्री त्या अंधारात वाचन. कचेरीतही हाताखालची माणसे अंतर राखूनच वागत.

अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेला दहा-बारा पारशांचा जमाव दारात आला. जागा बाटवल्याचा आरोप करून संध्याकाळपर्यंत निघून जाण्याचा दम त्यांनी दिला. शहरात दुसरीकडे कुठेही आसरा मिळाला नाही. दोन पदव्युत्तर वर्गांत नावाजलेला, संस्थानच्या खर्चाने शिकलेला अधिकारी कामाठी बागेत जाऊन बसला आणि रात्री नऊच्या गाडीने मुंबईला परतला. दहा वर्षांच्या नोकरीचा करार अकरा दिवसांत मोडला, आणि मोडला तो सही करणाऱ्याने नव्हे.

परदेशातून आलेल्या विद्यार्थ्यांना आपलेच घर काही काळ परके वाटते, यावर आता समुपदेशक बोलतात. बहुतेकांचा तो परकेपणा महिनाभरात विरतो. इथे तो विरणार नव्हता, आणि दोष परतणाऱ्याचा नव्हता. ज्यांना आजही गावाकडे परतताना जात, लिंग किंवा आणखी कशावरून आक्रसून घ्यावे लागते, त्यांना या अकरा दिवसांचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

दुसरी खेप कशी साधली?

नोव्हेंबर १९१८ मध्ये त्यांना मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले. पगार ४५० रुपये. तेव्हाच्या मानाने तो भरपूर होता, पण घर चाळीतच राहिले. पगारातला मोठा भाग बाजूला पडत गेला. स्वतःची बचत, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि भथेना यांच्याकडून ५००० रुपयांचे कर्ज अशी जुळवाजुळव करून ते जुलै १९२० मध्ये पुन्हा लंडनला निघाले. चार वर्षांची परवानगी अजून जिवंत होती.

या खेपेला वेळही मोजून आणि पैसाही मोजून. सकाळी पावाचा तुकडा, थोडा मासा, चहा. आठच्या सुमाराला ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय गाठायचे ते बंद होईपर्यंत. रात्री पुन्हा खोलीवर वाचन. दहाच्या सुमाराला भूक सहन होईनाशी झाली की एका गुजराती मित्राने दिलेल्या पापडांतले चार पत्र्यावर भाजायचे, वर कपभर दूध. मुंबईहून जाणाऱ्यांच्या बॅगेत आजही पापड असतात, पण ते जेवणाऐवजी नसतात. या दिनक्रमाचे कौतुक करताना एक गोष्ट सांगायला हवी : तो अनुकरणासाठी नाही. उपाशीपोटी अभ्यास ही निवड नव्हती, नाइलाज होता. आणि पुढे त्यांच्या प्रकृतीने आयुष्यभर त्रास दिला. खाण्याचे पैसे वेगळे काढून मगच प्रवासाचे बेत करावेत. त्या काळात त्यांचे बिऱ्हाड असलेले १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र सरकारने विकत घेऊन स्मारक केले आहे. लंडनला शिकायला जाणारे अनेक मराठी विद्यार्थी पहिल्या महिन्यातच तिथे जाऊन येतात.

१९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२२ मध्ये बॅरिस्टरी पदरात पडली. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी मात्र १९२३ च्या वसंतात दुरुस्तीसाठी परत केला. पैसे संपले होते, लंडनमध्ये थांबणे शक्य नव्हते. आंबेडकर मुंबईला आले, इथे बसून प्रबंध पुन्हा लिहिला, निष्कर्ष मात्र बदलले नाहीत, आणि टपालाने परत पाठवला. वर्ष संपण्यापूर्वी पदवी मिळाली आणि प्रबंध पुस्तकरूपाने प्रसिद्धही झाला. त्याला प्रस्तावना होती कॅनन यांची, ज्यांना त्यातली बरीच मते मान्य नव्हती. वकिली सुरू करण्यासाठी हाती पैसे नव्हते, तेव्हा दुसऱ्यांदा भथेना धावून आले.

कोलंबियाची पीएच.डी. राहिली होती. प्रबंधाच्या छापील प्रती विद्यापीठात दाखल केल्याखेरीज पदवी द्यायची नाही, असा तिथला नियम होता, आणि छपाईला पैसे लागतात. ग्रंथ १९२५ मध्ये लंडनहून निघाला. पदवी प्रत्यक्ष मिळाली १९२७ मध्ये, न्यूयॉर्क सोडल्यानंतर अकरा वर्षांनी.